वाद्यवृंदातला सोफा

मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यातून एकच शास्त्र मला नीट कळालं: माणूस सोफ्यावर कसा बसतो. नवरदेव टोकावर बसतो, कारण त्याला अजून पळून जायची आशा असते. मुलीचा बाप बसतच नाही, नुसता टेकतो आणि उठतो. व्यासपीठावरचा मान्यवर मात्र रुततो. एकदा रुतला की त्याला बाहेर काढायला जेसीबी लागतो. आमच्या संभाजीनगरात असे मान्यवर इतके झालेत की मुकुंदवाडीत डोळे मिटून खडा भिरकावला, तर तो दोन माजींना आणि एका भावीला लागून परत आपल्या हातात येतो.

यांच्याच जिवावर माझी चूल पेटते, म्हणून तोंडावर मी सगळ्यांना साहेब म्हणतो. लिहिताना तेवढी सक्ती नाही.

तर झालं असं, की मागच्या हिवाळ्यात जर्मनीहून तरुण पोरापोरींचा एक वाद्यवृंद आपल्या देशाच्या दौऱ्यावर आला. व्हायोलिनं, बासऱ्या, पितळी भोंगे, माणसाएवढी उभी व्हायोलिनं, आंघोळीच्या घंगाळाएवढे ढोल, असा सगळा संसार घेऊन. वेरूळ-अजिंठा बघायचं म्हणून आमच्या गावात मुक्काम, आणि मुक्काम आहेच तर एक कार्यक्रम. ज्या गावात जातील तिथल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला शेवटच्या रचनेत आपल्यात बसवून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. आमच्या गावातून माझी लेक निवडली गेली.

पोरगी अकरावीत. लहानपणापासून व्हायोलिन शिकते. जर्मनांनी रचनेचे कागद पाठवले तेव्हा ते बघून मला वाटलं, कुणीतरी मुंग्यांना शाई पाजून पाच तारांवरून चालायला लावलंय. घरी सराव केला की वरच्या मजल्यावरून भांडी आपटल्याचा आवाज येई. म्हणून मी तिला पडेगावच्या गोडाऊनमध्ये गाद्यांच्या थप्प्यांत बसवलं. पहिल्या आठवड्यात तिथली सगळी कबुतरं घर सोडून दौलताबादच्या किल्ल्यावर राहायला गेली. पुढं महिन्याभरानं परत आली, आणि येताना तिथले नातेवाईकही घेऊन आली. त्यावरून मला लेकीची प्रगती समजली. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"तुला तिथं एकटीला वाजवायचंय का?" मी एकदा विचारलं.

"नाय पप्पा. शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची हाय. पण त्यांच्यात."

त्या एका खुर्चीसाठी पोरगी दोन महिने झोपेतसुद्धा बोटं हलवत होती.

सभागृह होतं एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचं, आणि सजावटीचं काम माझं. दुपारी जर्मन पोरं आली. त्यांची काडी फिरवणारी बाई तिशीची, उंच, काडीसारखीच. तिनं स्वतः खडू घेऊन स्टेजवर खुणा केल्या आणि पोरांनी त्यावर खुर्च्या मांडल्या. ओरडाआरडा नाही, साहेब-साहेब नाही. माझ्या धंद्यात इतकं शांत काम मी फक्त मयताच्या मंडपात पाहिलंय. व्हायोलिनवाल्यांच्या शेवटच्या रांगेत, पडद्याच्या कडेला, लेकीची खुर्ची लागली. ती बसली, उठली, परत बसली. मी लांबून बघितलं आणि दिसलं नाही असं केलं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी स्टेजकडं बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"सोफे कुठंयत?"

"खाली, साहेब. पहिल्या रांगेत. नवे काढलेत तुमच्यासाठी."

"खाली पब्लिक बसतं."

"पण वर जागाच नाय, साहेब. वादकंच दाटीवाटीनं बसलेत."

"वादकं बसलेत अन् यजमान खाली? काय म्हणतील लोकं? वर घ्या."

माझ्या टेम्पोवरचे चाचा आणि मी सोफा उचलून वर न्यायला लागलो तशी ती बाई धावत आली. लेकीला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. लेक माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, त्या विचारतायत, हे लोक काय वाजवणार आहेत?"

मी प्रश्न अध्यक्षांपुढं ठेवला. अध्यक्षांनी जाकीट खाली ओढलं. "आम्ही उपस्थित राहणार आहोत," ते म्हणाले.

लेकीनं भाषांतर केलं. बाईनं बराच विचार केला. हा आमच्या देशातला एखादा वाद्यप्रकार असावा असं तिला वाटलं असणार, कारण तिनं आदरानं मान हलवली आणि बाजूला झाली.

पहिल्या सोफ्यानं ढोल विंगेत ढकलले. दुसऱ्यानं भोंगेवाल्यांना मागच्या पडद्यात गुंडाळलं. पण मान्यवर थांबतात होय? एक माजी आले की त्यांच्यामागून त्यांना पाडलेले आजी येतात, आणि दोघांना एका सोफ्यावर बसवता येत नाही.

"सेठ," चाचा माझ्या कानात म्हणाले, "इत्ते लोगां बैठेंगे तो बजाएंगे कौन?"

तिसऱ्या सोफ्याला जागा उरली फक्त पडद्याच्या कडेला. अध्यक्षांनी बोटानं खुर्ची दाखवली. "ही काढा."

"साहेब, ती माझ्या पोरीची."

"अरे, मग तर सोपंच झालं. परक्यांना कसं उठवायचं? आपल्या माणसानं समजून घ्यायचं असतं. पुन्हा बसवू तिला."

"पुन्हा कधी येणार हे जर्मन?"

"बोलावू की."

जसं काही जर्मन म्हणजे चितेगावचा पाहुणा, फोन केला की दुपारच्या बसनं येईल. मी शेवटचा डाव टाकला. "साहेब, खरं सांगू का, या सोफ्यात ढेकूण निघालेत. खालचे सोफे स्वच्छ आहेत."

"ढेकूण आमचं काय वाकडं करणार," साहेब म्हणाले. त्या संध्याकाळी ते बोलले त्यातलं एवढंच खरं होतं.

खुर्ची गेली. लेक विंगेत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. व्हायोलिन तिनं पेटीत मात्र ठेवलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. आधी सत्कार. आठ मान्यवरांनी एकमेकांचे सत्कार केले आणि उरलेला एक हार त्या बाईला घातला. मग पोरं वाजवायला लागली. मला संगीतातलं कळत नाही, पण अंगावर काटा आला तो खोटा नव्हता. मान्यवरांना काटा येत नाही, त्यांची कातडी तेवढी पातळ राहिलेली नसते. एक माजी मोबाईलवर स्वतःचाच सत्कार बघत होते. एक भावी बासरीच्या आवाजावर झोपले आणि भोंग्याच्या आवाजावर जागे होऊन टाळ्या वाजवू लागले. अध्यक्ष तिसऱ्या सोफ्यावर फेटा बांधून, मांड्या फाकवून, दोन माणसांची जागा एकट्यानं अडवून बसलेले.

शेवटची रचना आली. बाईनं काडी उचलायच्या आधी विंगेकडं पाहिलं. माझी लेक व्हायोलिन आणि कागदांचा स्टँड घेऊन विंगेतून निघाली, सरळ तिसऱ्या सोफ्यापाशी गेली आणि अध्यक्षांना म्हणाली, "काका, जरा सरका."

आणि काका सरकले. एसटीत जन्म घालवलेल्या माणसाचं बूड 'सरका' ऐकलं की आपोआप सरकतं, पदाला विचारत नाही. लेक बसली, हनुवटीखाली व्हायोलिन धरलं, आणि काडी खाली आली.

आता व्हायोलिनचा गज असतो उजव्या हातात, आणि अध्यक्ष होते तिच्या उजव्या अंगाला. रचना संथ होती तोवर गजाचं टोक नुसतं साहेबांच्या जाकिटाची विचारपूस करून माघारी जात होतं. मग वेग वाढला. गज कानाला लागला. कानातून सुटला तो फेट्यात शिरला. साहेब पलीकडं झुकले, तर पलीकडं माजी रुतलेले, ते हलेनात. लेकीचे डोळे कागदावरच्या मुंग्यांवर, तिला साहेब-बिहेब काही दिसत नव्हतं. फेट्याचा शेमला सुटून गजाबरोबर वाऱ्यावर डुलायला लागला. शेवटी साहेब, जेसीबी न लावता, ताडकन उभे राहिले.

आमच्याकडं अध्यक्ष मधेच उभे राहिले की दोनच अर्थ असतात: जेवण, नाहीतर राष्ट्रगीत. जेवणाचा वास नव्हता. म्हणून उरलेले सात मान्यवर उभे राहिले. ते उठले म्हणून पहिली रांग उठली, आणि बघता बघता अख्खं सभागृह हात सरळ करून सावधान.

"आपलं नाय वाटत हे," माझ्या शेजारचा एकजण पुटपुटला.

"जर्मनीचं असंल," त्याची बायको म्हणाली. "गप उभे राहा."

"लई लांबलंय."

"मोठा देश हाय त्यो."

बसायची हिंमत कुणाची होणार? साहेब सभागृहाकडं बघून सावधान, सभागृह साहेबांकडं बघून सावधान. मोबाईल खिशात, खोकला घशात. आमच्या गावातली माणसं एखादं संगीत इतकं तोंड मिटून ऐकतात, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. आणि तीन सीटच्या सोफ्यावर एकटी माझी लेक, मागं-पुढं झुलत, त्या परक्या पोरांच्या बरोबरीनं गज ओढत होती.

वाजवणं संपलं. बाई वळली. सगळं सभागृह उभं बघून तिनं छातीवर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. अध्यक्षांनी तो मान जागच्या जागी स्वीकारला, सुटलेल्या फेट्यासकट. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना सांगत होते, की उठायची कल्पना त्यांचीच.

चाचा टेम्पोत सोफे चढवत होते तेव्हा लेक पुढं केबिनमध्ये येऊन बसली.

"मग?" मी म्हणालो. "वाजवलंस ना त्यांच्यात?"

"व्हय. सगळं वाजवलं." तिनं गजात अडकलेला फेट्याचा धागा काढला. "एका जागी चुकलं, पप्पा. साहेबांचा कान मधे आला. खुर्ची असती तर नसतं चुकलं."