कमलताईंचं सर्टिफिकेट

बालवाडीचा कोर्स केलेल्या दोन बायका कुठेही भेटल्या, लग्नात, बाजारात, अगदी दवाखान्याच्या रांगेत, की तासभर हलत नाहीत. लोकांना वाटतं, पोरांच्या गमती सांगत असतील. छे! पोरं बिचारी सरळ असतात. गोष्टी निघतात त्या कोर्सच्या, आणि एक निघाली की दहा निघतात.

आमचा कोर्स झाला भिवंडीत, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास. दर शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बत्तीस जणी जमायचो. शिकवायला ठाण्याहून प्रधान मॅडम यायच्या, परीक्षाही त्याच घ्यायच्या. बहुतेक जणी लग्न ठरेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून आल्या होत्या. मी त्यातलीच. कमलताई मोरे मात्र टेमघरची बालवाडी अकरा वर्षं चालवत होत्या. आता वरून हुकूम आला होता, सर्टिफिकेट नसेल तर जूनपासून जागा दुसऱ्या बाईला. नवरा आजारी, घरात चार मुलं. आमचा टाइमपास होता, त्यांची भाकरी होती.

*

पहिलं प्रात्यक्षिक बाळाच्या आंघोळीचं. बाळ म्हणजे रबरी बाहुली, सोबत प्लॅस्टिकचा टब. माझ्या घरात मूल सोडाच, मांजरसुद्धा नव्हतं. पुस्तकात होतं तसं मी कोपर बुडवून पाणी बघितलं, मान सांभाळली, बाहुली टबात ठेवली. वीसपैकी एकोणीस!

कमलताईंनी टब बाजूला सारला. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन पाटावर बसल्या, पाय लांब केले, बाहुली पायांवर पालथी घातली आणि अशी रगडली, की तिचा एक हातच निघून आला.

मॅडमनी वहीत लिहिलं, 'बालक जखमी.'

"माझी चार हायेत मॅडम, एकाचा पन हात न्हाय निघाला," कमलताई म्हणाल्या. "हीच कच्ची हाय."

वीसपैकी चार.

*

झुबेदा आमच्यातली सगळ्यात नवी सून. सासर जुनं कोकणी मुसलमान, लूमवाले, म्हणजे घरचे यंत्रमाग. सून एकटी कशी जाईल म्हणून सासरे सोबत यायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. हॉलबाहेर खिडकीखाली खुर्ची टाकून ते पेपर वाचत बसायचे.

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी विचारलं, "तीन वर्षांच्या मुलाला किती रंग ओळखता यावेत?"

कुणालाच येईना.

खिडकीतून आवाज आला, "चार! पान बत्तीस!"

मॅडमनी बाहेर डोकावून पाहिलं. "बरोबर. पण तुम्हाला गुण मिळणार नाहीत."

"चलेगा," चाचा म्हणाले. "झुबेदाला लावा."

*

एकदा प्रत्येकीला एका मुलाचं तासभर निरीक्षण करून दर पाच मिनिटांनी नोंद करायची होती. मुलाला कळू द्यायचं नाही, ही अट. मी शेजारची पिंकी निवडली, वय वर्षं चार. वहीत लिहिलं :

'दहा वाजता : पिंकी माझ्याकडे बघत आहे.

दहा पाच : पिंकी अजून बघत आहे.

दहा दहा : पिंकीने खुर्ची आणून समोर ठेवली व बसून बघत आहे.'

अकरापर्यंत असंच. मी एक शब्द खोटा लिहिला नाही.

मॅडमचा शेरा आला, 'निरीक्षण उत्तम. कोणी कोणाचे केले ते स्पष्ट करावे.'

*

मग टाकाऊ वस्तूंपासून खेळणी. घरातलं काहीही वापरा, मॅडम म्हणाल्या. पुढच्या शनिवारी आम्ही टेबल भरून टाकलं. बॉबिनची आगगाडी, बॉबिनचा माणूस, बॉबिनचं झाड. घरोघरी लूमवरच्या, सूत संपलेल्या रिकाम्या बॉबिन पडलेल्या, दुसरं आणणार काय?

"तुमच्या घरात आणखी काही टाकाऊ नसतं का हो?" मॅडम वैतागल्या.

"असतं की," कमलताई म्हणाल्या. "पन त्याच्यावर चूल पेटते."

मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना सारखेच गुण दिले.

*

शेवटी राहिला पाठ, तोही खऱ्या बालवाडीत, मुलांसमोर. कमलताई तेव्हा अगदी काठावर होत्या. पाठ गेला तर सर्टिफिकेट गेलं, आणि बालवाडीही गेली. मदतनीस म्हणून मी सोबत होते.

टेमघरच्या त्या खोलीच्या दोन्ही अंगांना लूमच्या शेड. मॅडम दारातच थबकल्या. खटाखट, खटाखट! कमलताईंनी गाणं, गोष्ट सगळं हातवारे करून घेतलं. बावीस मुलांना सगळं कळलं, मॅडमना काही नाही. तरी मुलं हसत होती म्हणून त्यांनी गुण दिले.

राहिली विश्रांती. फॉर्मवर ओळ होती, 'विश्रांतीसाठी शांत वातावरण निर्माण केले : होय / नाही.' इथे 'नाही' पडलं की संपलं. मॅडमनी दोन्ही भिंतींकडे बघितलं आणि पेन 'नाही'वर नेलं.

मुलं सतरंजीवर आडवी झाली. दोन मिनिटांत बावीसच्या बावीस गाढ.

"अहो, ही झोपली कशी?" मॅडम माझ्या कानात ओरडल्या.

तेवढ्यात लाइट गेली. दोन्ही शेड एकदम गप्प झाल्या. मॅडमनी सुस्कारा सोडला. पेन 'होय'कडे सरकलं.

एक पोर उठून बसलं. मग दुसरं. अर्ध्या मिनिटात बावीस जणांनी भोकाड पसरलं. पेन परत 'नाही'वर गेलं.

कमलताईंनी खाऊच्या डब्याचं झाकण टेबलावर पालथं घातलं, पळी घेतली आणि सुरू झाल्या. खटाखट, खटाखट! पोरं एकेक करून आडवी होऊ लागली. दोघं तेवढी माझ्या मांड्यांवर हुंदके देत होती, म्हणून मी अडकलेली. तेवढ्यात कोपऱ्यातली सोनी उठली आणि फ्रॉक धरून दाराकडे बघू लागली.

"मॅडम, जरा धरा. हिला शू लागलीय," कमलताई म्हणाल्या आणि पळी त्यांच्या हातात देऊन सोनीला घेऊन बाहेर गेल्या.

मॅडमनी वाजवून बघितलं. हात थोडा हळू झाला तसा एका पोराने डोळा उघडला. मॅडमनी घाईघाईने वेग वाढवला.

कमलताई सोनीला घेऊन दारात आल्या, तेव्हा लाइट आलेली नव्हती. प्रधान मॅडम डाव्या हाताने झाकण बडवत होत्या आणि उजव्या हाताने 'होय'वर खूण करत होत्या.