दुसरी अंघोळ

माझ्या काकीच्या हातांबद्दल कुणी वाकडं बोललं, की माझं डोकं अजूनही फिरतं. कोंडाबाई तिचं नाव, माझी चुलती. अवसरी खुर्दच्या पलीकडे, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या दोन पिढ्या काकीच्या पसरलेल्या पायांवर पालथ्या पडून न्हाल्या आहेत. मीसुद्धा त्यातलाच, नव्या म्हणतात मला. आई सांगते, मी एवढा रडलो होतो की काकीनं पाठीत एक हलकीशी चापट मारली आणि म्हणाली, "हा बोलका व्हणार." तेवढं तिचं खरं ठरलं.

काकीची सासू गावाची सुईण होती. तिला मागच्या दारानं, गोठ्याच्या बाजूनं आत घेत. काम उरकलं की ती बसलेली जागा शेणानं सारवून घेत आणि बाळावर गोमूत्र शिंपडत. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं धम्म घेतला, गावकीची सगळी कामं सोडली, तेव्हा सासूनं हेही सोडलं. काकी लग्न होऊन आली ती त्यानंतर. एकदा वरच्या आळीत एक बाई अडली. दवाखाना लांब, गाडी नाही. माणसं वस्तीवर पळत आली. सासू तापानं पडलेली. नवी सून पुढे झाली आणि म्हणाली, "येते. पण पुढच्या दारानं येईन."

बाई सुटली, बाळ रडलं, आणि तेव्हापासून काकी गावातल्या प्रत्येक घरात पुढच्या दारानंच गेली. तिनं ते काम गावकीचं म्हणून केलं नाही. आपल्याला येतं आणि आवडतं म्हणून केलं. आपल्या हातांची तारीफ ती स्वतःच करायची, त्यात तिला काडीचा संकोच नव्हता. "माज्या हातात बाळ गप बसतं," हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायची.

तिला सगळंच ठाऊक होतं असं मात्र नाही. बाळाच्या बेंबीवर ती वर्षानुवर्षं राख आणि हळद लावायची. नव्वदनंतर सरकारी दवाखान्यात दाईंचं प्रशिक्षण झालं, तिथल्या नर्सबाईंनी ते बंद करायला सांगितलं. काकी तिथे दिवसभर भांडली. घरी आल्यावर मात्र राखेचा डबा स्वतः उकिरड्यावर ओतला. "चुकलं व्हतं तर चुकलं," ती म्हणाली. "बाळापरीस माजा हट मोठा हाय का?"

पुढे बाळंतपणं नारायणगावच्या आणि मंचरच्या दवाखान्यांत व्हायला लागली. पण चार दिवसांनी बाळ घरी आलं, की न्हाऊ घालायला काकीच लागायची.

दोन हजार सहा साली पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागात अभ्यास सुरू केला. मी तेव्हा नारायणगावच्या स्टँडवरून वडापची, सीट भरून न्यायची जीप मारायचो. संस्थेनं माझी जीप ठरवली. कल्याणी मॅडम डॉक्टर होत्या, लहान मुलांच्या. फार भरभर बोलायच्या आणि कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही. काम असं होतं: नवीन जन्मलेल्या बाळाच्या काखेतून आणि कोपराच्या आतल्या बाजूनं कापसाची काडी फिरवायची, ती नळीत घालायची, बर्फाच्या डब्यातून पुण्याला न्यायची. बाळाच्या कातडीवर पहिल्या महिन्यात कोणते जंतू वस्तीला येतात आणि त्यानं त्याची प्रतिकारशक्ती कशी घडते, हे त्यांना बघायचं होतं.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जंतू वस्तीला येतात म्हणे! मॅडम म्हणाल्या, "सगळे जंतू वाईट नसतात. चांगले आधी येऊन बसले की वाईटाला जागाच मिळत नाही. शिवाय कोण आपलं, कोण परकं, हे बाळाच्या शरीराला तेच शिकवतात, असं आता संशोधनात दिसायला लागलंय." काकीला हे एकदम पटलं. तिनं घराघरांत जाऊन आयांना तयार केलं. ती नसती तर मॅडमना निम्मीसुद्धा बाळं मिळाली नसती.

मग सावळेरामभाऊंच्या घरचं प्रकरण झालं. सावळेरामभाऊ म्हणजे वरच्या आळीतले मोठे बागायतदार. त्यांची बायको कुशाबाई, आणि सून समृद्धी. समृद्धीला मुलगा झाला, सार्थक. काकी रोज सकाळी जाऊन त्याला न्हाऊ घालायची. दुसऱ्या आठवड्यात बाळाच्या मानेवर, काखेत, मांडीच्या सांध्यात पिवळ्या तोंडाचे फोड आले. कातडी कोरडी पडून उलायला लागली. एक दिवस ताप चढला आणि बाळ दूध पिईना. माझ्याच जीपमधून त्याला नारायणगावला नेलं. सलाईन लावल्यावर बाळ सावरलं, घरी आलं, आणि आठवड्याभरात फोड परत आले. पुन्हा ताप आला तर विष रक्तात जायला वेळ लागणार नाही, हे मॅडमनी समृद्धीला स्पष्ट सांगितलं. ती पोर रात्रंदिवस बाळाच्या कपाळाला हात लावून बसायला लागली.

कुशाबाईनं आळीत सांगितलं, "कोंडाबायचा हात मानवला न्हाई आमच्या पोराला. धा घरचं बाळ न्हाऊ घालती, काय काय घिऊन येती कुणास ठाव."

झालं. वरच्या आळीत अजून दोन बाळांना पुरळ होतंच. तिथल्या बायकांनाही काकीचे हात दिसायला लागले. एकीनं निरोप धाडला, उद्यापासून येऊ नको. समृद्धीनं मात्र सासूचं न ऐकता सार्थकला काकीकडूनच न्हाऊ घालणं चालू ठेवलं. मी भडकलो. काकी मात्र उठली ती सरळ मॅडमकडे गेली आणि दोन्ही हात त्यांच्यासमोर पसरले.

"ह्ये तपासा. बाळाचं फोड ह्या हातांनी आलं असतील, तर पुन्हा कुठल्या बाळाला हात लावणार न्हाई. आन न्हाई आलं, तर कशानं आलं त्ये हुडका. त्या लेकराला काय झालं तर मला जड जाईल."

मॅडमनी काडी फिरवली, हातांवरून आणि नाकपुडीतूनही. फोडाचा जंतू पुष्कळदा नाकात मुक्काम करतो म्हणे. काकी म्हणाली, "बाळाला जी जी हात लावती, त्या समद्यांचं घ्या." मग समृद्धीचं घेतलं, कुशाबाईचंही घेतलं. कुशाबाईनं नाक मुरडलं, पण दिलं.

मॅडमना वेगळंच कोडं पडलं होतं. वस्तीवरच्या बाळांच्या काड्यांवर चांगले जंतू भरपूर उगवायचे. वरच्या आळीतल्या काही बाळांच्या काड्या जवळजवळ कोऱ्या निघायच्या, नाहीतर नुसता फोडाचा जंतू. न्हाऊ घालणारी बाई तीच, तेल तेच, डाळीचं पीठ तेच. मॅडमनी घरोघर विचारलं, बाळाला आणखी काही लावता का? सगळीकडे एकच उत्तर, "न्हाई ओ, कोंडाबाय घालती तेवढंच."

एका सकाळी सावळेरामभाऊंच्या घरून आम्ही निघालो आणि मॅडमच्या ध्यानात आलं की बर्फाचा डबा ओट्यावरच राहिला. मी जीप वळवली. काकी तोवर निघून गेली होती. डबा उचलायला दारात गेलो, तर आत दवाखान्यासारखा वास. मोरीत कुशाबाई बसली होती, पुढ्यात परात, परातीत दुधासारखं पांढरं झालेलं पाणी. जखमा धुवायचं औषध तिनं त्यात ओतलं होतं, तेही चांगलं मोकळ्या हातानं. आणि नुकतंच न्हालेलं बाळ ती पुन्हा घासून काढत होती.

मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या. "हे रोज करता?" त्यांनी विचारलं.

कुशाबाई दचकली. "मागल्या काळी गोमूत्र शिपडायचो," ती म्हणाली. "आता ह्ये औषध मिळतं. कोंडाबाय शिवून गेली की धुवायचं, सासूबाईंनी घालून दिलेलं हाय. त्यात काय एवढं?"

माझ्या जिभेवर बरंच आलं होतं, पण त्या घरात बाळंतीण होती म्हणून मी दात-ओठ खात बाहेर आलो. वरच्या आळीतल्या इतर घरांतही हेच चालायचं, हे दोन दिवसांत कळलं. तोंडावर "या कोंडाबाय, बसा कोंडाबाय", आणि पाठ वळली की बाळ पुन्हा परातीत.

मी काकीला सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण मनात ठेवणं मला जमत नाही. ती शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"मला वाटलं व्हतं संपलं त्ये," ती म्हणाली. "इतकी वर्सं पुढल्या दारानं गेले, नव्या. लई लागलं बग." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं लपवलं नाही. मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाली, "पण त्या औषधानं लेकराची कातडी जळली आसंल. मॅडमनी बंद करायला सांगितलं का?"

सांगितलं होतं. समृद्धीनं त्याच दिवशी ती बाटली उचलून परसात रिकामी केली, सासूच्या देखत.

पंधरवड्यानं पुण्याहून निकाल आला. मॅडमनी तो समृद्धीला सांगितला आणि काकीला सांगायला वस्तीवर आल्या. त्यांच्याकडे एक फोटो होता, काळ्यावर पांढऱ्या आडव्या रेघांचा. जंतूच्या पोटातही डीएनए असतो, पीळ दिलेल्या दोरीच्या शिडीसारखा. ती शिडी ठरावीक जागी कापली की लहानमोठे तुकडे पडतात आणि तुकड्यांच्या अशा रेघा उमटतात. रेघा जुळल्या की जंतू एकाच घराण्याचा. मला लगेच समजलं. ओल्या रस्त्यावरची टायरची नक्षी बघून कुठली जीप गेली ते आम्ही सांगतो, त्यातलाच प्रकार.

काकीच्या हातांवर, नाकात, फोडाचा जंतू नव्हताच. चांगले मात्र ढीगभर होते. वस्तीवरच्या बऱ्याच बाळांच्या अंगावरच्या रेघा तिच्या हातांवरच्या रेघांशी जुळत होत्या. आणि सार्थकच्या फोडातला जंतू जुळला तो कुशाबाईच्या नाकातल्या जंतूशी. चांगले जंतू औषधानं मारायचे, कातडी सोलवटायची आणि त्यावर आपल्याच हातानं वाईट नेऊन पेरायचे, असं चाललं होतं. कुशाबाईला स्वतःला त्या जंतूचा काही त्रास नव्हता, म्हणून कळायलाही मार्ग नव्हता.

मी उडालोच. "आता चावडीवर सांगतो," म्हणालो. "इटाळ कुणाचा व्हता ते समद्या गावाला कळू दे."

"गप ऱ्हा," काकी म्हणाली. "तिचा नातू हाय त्यो. इख घालायला बसली व्हती का ती?"

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण काकीपुढे माझं चालत नाही.

मॅडमनी कुशाबाईला नाकात लावायचं मलम दिलं, पाच दिवसांचं. ते लावायचं, बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवायचे, बस्स. बाळालाही औषध सुरू झालं आणि फोड सुकेपर्यंत त्याला न्हाऊ घालणं बंद ठेवलं. फोड सुकायला लागले आणि समृद्धीनं काकीला बोलावणं धाडलं. मलम संपून आठवडा झाला होता. काकीला सोडायला मीच जीप घेऊन गेलो.

कुशाबाई बाहेर पडवीत पोत्यावर एकटी बसलेली. केस विस्कटलेले, गाल आत गेलेले. काकी पायरी चढायला लागली तशी ती मागे सरकली.

"लांबून जा गं कोंडाबाय. माज्यातच हाय म्हनं त्ये. मला बाळाला शिवू देत न्हाईत."

काकी जागच्या जागी उभी राहिली. सावळेरामभाऊ दारात आले होते. तिनं त्यांना विचारलं, "भाऊ, हिला हितं कुणी बसवलं?"

"काळजी म्हनून," ते खाली बघत म्हणाले. "बाळाची काळजी."

"मलम संपलं, हात धुवून बाळ घ्या म्हनून मॅडम सांगून गेल्यात. आन काळजीचं म्हनाल, तर आमालाबी तुमी काळजीपायीच भायेर ठेवलं व्हतं." काकीचा आवाज चढला नव्हता. "कसं वाटतं त्ये मला इचारा. माणसाचं काळीज सुकतं, भाऊ. हिच्यावर ती पाळी आणू नका."

भाऊ दारातून बाजूला झाले. काकीनं कुशाबाईचा हात धरला आणि तिला उठवलं. ती अंग चोरत होती, "नगं, नगं" म्हणत होती, तरी काकीनं हात सोडला नाही. मोरीपाशी नेऊन तिचे हात स्वतःच्या हातांनी साबण लावून धुतले, कोपरापर्यंत. मग पाय पसरून बसली, बाळ घेतलं आणि म्हणाली, "पानी तू घाल."

कुशाबाईनं तांब्या धरला. पाणी बाळावर कमी आणि काकीच्या लुगड्यावर जास्त पडलं. बाळ गप होतं. न्हाऊन झाल्यावर काकीनं ते ओलं बाळ उचललं आणि कुशाबाईच्या मांडीवर ठेवलं. कुशाबाई ओक्साबोक्शी रडायला लागली. समृद्धीनं पुढे होऊन धुतलेलं मऊ फडकं तिच्या हातात दिलं. तिनं नातवाला टिपलं, गुंडाळलं आणि छातीशी धरून बसली.

काकी निघाली तेव्हा मी दारातून मुद्दाम मागे वळून बघितलं. मोरीत परात नव्हती, चुलीवर दुसऱ्यांदा पाणी तापत ठेवलेलं नव्हतं.