जामडोह रिठाचा ठिपका

देवराव मुनेश्वर तालुक्याच्या कृषी कार्यालयात अनुरेखक होते. नकाशांच्या प्रती काढायच्या, त्यांत रंग भरायचे, आणि अमुक शिवार कुठं येतं असं साहेबांनी विचारलं की सांगायचं. शेवटचं काम त्यांचं सगळ्यांत आवडीचं. साहेब बदलत गेले, पण अडलं की प्रत्येकाच्या तोंडी एकच, "देवरावांना बोलवा." एकोणतीस वर्षं हा माणूस या दोन शब्दांवर पोसला होता.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात रुपाली आली. आर्णीची पोरगी, कंत्राटावर लागलेली. त्या साली बोंडअळीनं कपाशी पोखरली, तशी तिनं संगणकावर तालुक्याचा नकाशा केला आणि त्याच्या शेजारी ठिपक्यांचा तक्ता मांडला. एका गावाला एक ठिपका. नुकसान जितकं जास्त, तितका ठिपका वर. नकाशा आणि तक्ता एकमेकांना बांधलेले. नकाशात गाव दाबलं की तक्त्यात त्याचा ठिपका उजळायचा, आणि तक्त्यातले वरचे ठिपके घेरले की नकाशात ती गावं लाल व्हायची. साहेब खुर्ची ओढून खेळतच बसले. "अरे, नदीकाठचीच गावं लाल! हे आपल्या लक्षातच आलं नव्हतं."

देवराव दाराशी उभे होते. हेच त्यांनी आठ दिवसांपूर्वी साहेबांना सांगितलं होतं, तेव्हा साहेब 'हो का' म्हणून सही करत राहिले होते.

त्या दिवसापासून त्यांच्या पोटात दुखू लागलं. गुळगुळीत शब्द कशाला शोधायचे, माणूस सरळ सरळ जळत होता. तिची खुर्ची, तिचं हसणं, तिच्या टेबलाभोवतीची गर्दी, सगळंच डोळ्यांत खुपायचं. त्यात ती स्वभावानं गोड, म्हणजे आणखीच पंचाईत. "काका, हा नाला बरोबर दाखवलाय का?" ती विचारायची. "मले काय विचारतं? तुह्या मशीनले विचार," देवराव म्हणायचे. चार वेळा असं झालं, मग तिनं विचारणं सोडलं. तर त्याचाही यांना राग.

"आपल्या पोरीएवढी पोरगी ते. तिच्यावर काहून जळता?" बायको कौसल्या म्हणाली.

"मी कायले जळू?" म्हणत ताटावरून उठले.

एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना ते तिच्या संगणकापुढं बसले. हेतू एकच, चूक काढायची. एकेक गाव दाबत गेले. प्रत्येक वेळी ठिपका मुकाट उजळायचा आणि देवरावांचं तोंड आणखी आंबट व्हायचं. मग त्यांनी जामडोह दाबलं. काहीच उजळलं नाही. पुन्हा दाबलं. नाही.

जामडोह म्हणजे रिठ. गाव कधीचंच उठून गेलेलं, घर एकही नाही, पण शिवार कायम. तिथली कपाशी शेजारच्या पिंपळशेंड्याचे अडतीस शेतकरी करतात, हे देवरावांना पाठ होतं. पोरीनं शून्य वस्तीचं गाव म्हणून तक्त्यातून गाळलं असणार. याच तक्त्यावरून नुकसानीची यादी जायची होती. यादीत नाव नाही, तर पंचनाम्याचं पथकही जाणार नव्हतं.

देवरावांना इतका आनंद झाला की ते उठून पाणी प्यायले. सोमवारी जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची बैठक होती. तिथं, सगळ्यांसमोर, ते सांगणार होते. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं.

पण यादी शनिवारीच मागवली गेली. रुपाली ती पाठवायला बसली तेव्हा देवराव तिच्या मागंच उभे होते. 'थांब' हा शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "शाब्बास रुपाली, तुझ्यावाचून हे झालंच नसतं." देवरावांनी ओठ मिटले. यादी गेली. सोमवारची बैठक रद्द झाली. नंतर सांगावं, तर आजवर गप्प का होतात, असं कुणी विचारलं असतं.

तीन आठवड्यांनी पिंपळशेंड्याचे मारोतराव कार्यालयात आले. "साहेब, पथक आमच्या गावात आलं अन् जामडोहाच्या धुऱ्यावरून, बांधापासूनच वापस गेलं. म्हणे नाव नाही. अळी पसरते, कपाशीची पऱ्हाटी उपटा, म्हणून तुमीच सांगतलं. वाट पाहून पाहून उपटली आमी. आता पथकाले दाखवावं काय?"

रुपालीनं तक्ता उघडून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, साहेब. वस्ती नाही म्हणून जामडोह मीच गाळलं." बोलता बोलता ती रडू लागली.

"बाई, देवरावभाऊले एकडाव विचारलं असतं तं हे झालं नसतं," मारोतराव म्हणाले. "त्यायले तालुक्यातला एकेक धुरा माहीत हाये."

"खरं आहे," साहेब म्हणाले. "यापुढं देवरावांना दाखवल्याशिवाय एकही यादी जाणार नाही."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी जीव तळमळत होता, ते सगळ्यांसमोर बोलले गेले. शिपाईसुद्धा दारातून आदरानं बघत होता. देवरावांनी खाली फरशीकडं पाहिलं.

मारोतराव त्यांच्याकडं वळले. "भाऊ, तुमच्या नजरेस पडलं असतं तं तुमी सांगतलंच असतं ना?"

रुपालीनं डोळे पुसून वर पाहिलं.

"हो," देवराव म्हणाले.

मारोतरावांना ते लगेच पटलं.