आखाजीला गाडी आली, भाऊ नाही

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काला माहेरी आणायला मी मोबाइल पाठवला. (म्हणजे मोबाइल माझ्याच हातात होता. पाठवली ती भाड्याची गाडी.)

आमच्या खानदेशात सासुरवाशीण आखाजीला एकटी येत नाही. माहेरचा कुणीतरी तिला घ्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. आजोबा आत्याला आणायला बैलगाडीने गेले, वडील एसटीने, मी मोटरसायकलने. वाहनं बदलली, पण जाणारा माणूस कुणी काढून टाकला नव्हता. तो पराक्रम माझ्या नावावर!

कारण साधं होतं. बाहेर जळगावचं ऊन आणि घरात टीव्हीवर मॅच. अक्काच्या सासरी, साक्रीपर्यंत, तापत कोण जाणार? बोट टेकवलं, गाडी निघाली! आईला मी पडद्यावर सरकणारी गाडी दाखवू लागलो.

"बघ, पारोळा गेलं! आता धुळं!"

"त्यामा अक्का दिसस का?"

"अक्का नाही गं, गाडी दिसते."

"मंग गाडीले ओवाळू का?" असं म्हणत आई खापर तापवायला उठली. लेकीला गरम पुरणपोळी वाढायची होती. वर्षातून एकदा तर येते ती.

संध्याकाळी गाडी परतली. ड्रायव्हर उतरला. डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. मागच्या सीटवर कुणीच नाही!

"बाई कुठे आहेत?"

"साहेब, तिथल्या आजींनी मला बोलूच दिलं नाही. दारात गेलो तर 'मुराळी उना, मुराळी उना!' पाय धुवायला पाणी, पुरणपोळ्या, वर आमरस. आहेर केल्यावर विचारलं, तू चुलतभाऊ का मावसभाऊ? म्हटलं, कुणीच नाही, मी भाड्याने आलोय."

झालं! परक्या माणसाबरोबर सून धाडायची नाही, म्हणून सासूबाईंनी अक्काला दारातच थांबवलं. मी फोन लावला.

"अक्का, बसायचं ना गाडीत!"

"सारी गल्ली जमनी व्हती रे. जो तो गाडीमा वाकीसन इचारे, भाऊ कोठे शे? मी काय सांगू?" सकाळपासून पिशवी भरून ती माझी वाट बघत बसली होती.

आईने खापर उतरवलं आणि न जेवता पडून राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅच कोण जिंकलं, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने साक्री गाठली. अक्का मला बघून रडली, हसली आणि नाहीच म्हणाली.

"सण तं काल व्हई गया, भाऊ. येत्या सालले ये. पन तूच ये."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. मला चांगल्या ओळखतात, तरी चष्मा पुसून नीट न्याहाळलं आणि सुनेला विचारलं, "हाऊ तरी खरा शे, का हाऊबी भाडाना?"

माझ्या वाट्याला नुसता चहा. भाड्याच्याला निदान आमरस तरी मिळाला होता!