तो बेडूक नव्हता

मी चौथी शिकलेला माणूस आहे. भूत, चकवा, अंगात येणं... सत्तर वर्षांत कशालेच मानलं नाही. हे लिहून राहिलो ते लाज वाटते म्हणून. हसायचं असंन तं हसा.

बार्शीटाकळीच्या पुढं आमचं गाव. वरच्या अंगाले ई-क्लासचा माळ होता, सरकारी चराईचा, कमरेइतकं गवत. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी लोकांनी तो नांगरून पेरायचं ठरवलं. त्याच पावसाळ्यात अकोल्याहून कॉलेजच्या मॅडम सर्वे करायले आल्या. त्या झाडापाल्याच्या जाणकार. पाखरांसाठी गावानं मले पुढं केलं — माळावरचं पाखरू मी नुसत्या आवाजावरून सांगतो, असं मीच मिरवत फिरायचो.

मॅडमची पद्धत अशी : एका जागी दहा मिनिटं गप उभं राहायचं, ऐकू येईन ते कागदावर लिहायचं. "काकाजी, तणमोर फार दुर्मीळ पक्षी, तो इथं निघाला तर माळ वाचवायचा अर्ज करता येईल," त्या म्हणाल्या. बकऱ्या चारणाऱ्या रहीमभाईलेही विचारू का, म्हणाल्या. मी म्हटलं, "त्याले काय कळते?"

एक गोष्ट मी घरातही सांगितली नव्हती. माझे कान गेले होते. लोकायचे ओठ पाहून निभावून न्यायचो.

त्या दहा मिनिटांत मधेच मॅडमनं बोट वर केलं. "काकाजी, हे टर्र टर्र... बेडूक का?"

मले काहीच ऐकू आलं नव्हतं. पण तसं म्हणायले जीभ उचलली नाही. "हौ, बेडूकच," म्हटलं. वरून हसलो. त्यायनं कागदावर तणमोरापुढं 'नाही' म्हणून फुली मारली. खाली माझी सही.

दिवाळीनंतर माळ नांगरला. रहीमभाई माझ्या कानाशी येऊन ओरडला, "बेडूक सांगितला म्हणे तुमी? अख्खा सावन तणमोर टर्र टर्र करत गवताच्या वर उड्या मारून राहिला होता! बेडूक इतका उडते का, बाप्पा?"

"मंग सांगितलं कावून नाही?"

"मले विचारलं कोणी?"

चराई गेली. त्यानं बकऱ्या विकल्या.

वैशाखात आम्ही दोघं त्याच नांगरटीतून एसटीले चाललो होतो. भर दुपार. नुसती ढेकळं, पाण्याचा थेंब नाही. अन् मले ऐकू आलं — टर्र... टर्र... लख्ख, उजव्या हाताले.

"रहीमभाई, ऐकलं का?"

त्याचे ओठ हलले, "काय?" त्याचा आवाज मले येत नव्हता, अन् तो टर्र टर्र येत होता! पुढं गेलो तं मागून येत होता, मागं फिरलो तं पुढून. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. एसटी निघून गेली.

डॉक्टर म्हणाले, बहिऱ्या कानात आवाज होतात. होत असतीन. पण कानातला आवाज नांगरटीत एका जागी कसा राहते, हे त्यायले सांगता आलं नाही. मलेही नाही.

मॅडमले पत्र टाकलं : तो बेडूक नव्हता, मले ऐकू येत नव्हतं. एवढं लिहायले तीन वर्षं लागली. उत्तर नाही आलं.

अजूनही वैशाखात तिथं जाऊन दहा मिनिटं गप उभा राहतो. रहीमभाई येते सोबत. हातानं विचारते — आला का आवाज?

"नाही," मी म्हणतो. "मले ऐकू येत नाही."