माझ्या फ्रेंचमुळं पोरगी नापास

कॉपी म्हणे! चौथीतून शाळा सोडलेल्या बाईनं पोरीला फ्रेंच भाषेत कॉपी पुरवली म्हणे… मंगळवारपासून डोकं नुसतं भणभणतंय माझं. म्हणून हे मोबाईलमध्ये बोलतेय, तो लिहितोय. कुठं चुकलं तर मोबाईलचं चुकलं समजा.

आमची प्रतीक्षा धाराशिवला हॉटेल मॅनेजमेंट करते, दुसरं वर्ष. तिथं खोली करून राहते, पण महिन्याभरापासून परीक्षेच्या सुट्टीत घरी माकणीला आहे.

आता हॉटेलच्या शिक्षणात फ्रेंच कशाला, ते मला विचारू नका. मी विचारलं तर पोरगी म्हणली, "आई, मोठ्या हॉटेलात मेनूकार्डावर असतं." असंल बाई… आमच्याकडं डाळ मराठीतच शिजते.

फ्रेंचच्या मॅडम पुण्यात, मोबाईलवरनंच शिकवतात. थोड्या वेळानं काय करणार आहे हे सांगायला त्या भाषेत सहा ओळी असतात. मी जेवणार आहे, तू जेवणार आहेस, तो जेवणार आहे… असं ते जेवणार आहेत पर्यंत. मॅडमनी एका तासात उरकलं आणि 'पाठ करा' म्हणून कागद धाडला. पाठ करा म्हणायला काय जातंय!

पोरगी पाठ करायची आणि मधेच अडकायची. मला म्हणली, "आई, तू वही धर आणि तपास." मला मराठी वाचायचं तर अक्षराखाली बोट ठेवून वाचावं लागतं… ती इंग्रजी अक्षरं कुठनं तपासू?

मग आमच्या पद्धतीनं घेतलं. पंचमीला बायका फेर धरतात तेव्हा कशा दोन बाजू असतात? एका बाजूनं ओळ म्हणली की दुसरीनं लगेच पुढची उचलायची. दम घेत बसलात की फेर मोडला.

तसंच. तिची ओळ "ज व्हे मांजे", माझी "त्यु वा मांजे". तिचं "इल वा", माझं "नू झालों". सासूबाई आतनं ओरडायच्या, "काय झालं गं? कोण झालं?" एकदा ती सुरू करायची, एकदा मी. जेवणे झालं की पिणे, झोपणे, निघणे… शेवटचा शब्द तेवढा बदलायचा.

भाकरी थापताना, म्हशीची धार काढताना, महिनाभर हेच. पोरीचं चोख झालं… माझंही झालं, त्याला मी काय करू?

मंगळवारी अकरा वाजता मोबाईलवर तोंडी परीक्षा. नियम असा की खोलीत दुसरं कुणी नको. पण आमच्या घरात रेंज फक्त ओसरीत, आणि ओसरीत मी ज्वारी पाखडायला बसलेली. कोंबड्या टपून असतात, ज्वारी सोडून उठता येतंय व्हय?

पोरीनं बजावलं होतं, "आई, तोंड उघडू नको हं." मी म्हणलं, "मला काय धाड भरलीय तोंड उघडायला?"

मॅडमनी 'निघणे' दिलं. पोरगी म्हणली, "ज व्हे पार्तिर…" आणि दम घेतला. एवढासा दम.

आणि माझ्या तोंडातनं खणखणीत, "त्यु वा पार्तिर!"

सूप हातातच राहिलं. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काय मी तिची म्हैसच विकली.

मॅडम म्हणल्या, "कोण आहे तिथं? कॅमेरा फिरव." फिरवला. मी पदर सावरला. "तुम्हाला फ्रेंच येतं?" मी म्हणलं, "न्हाय ओ मॅडम." "मग पुढची ओळ कशी सांगितलीत? समोर कागद आहे ना?" कागद कुठला, समोर ज्वारी! ते सांगायच्या आत फोन बंद. संध्याकाळी ग्रुपवर यादी आली, पोरीच्या नावापुढं 'कॉपी'.

पुढच्या महिन्यात हिच्या वर्गातली पोरं-पोरी गोव्याच्या हॉटेलात ट्रेनिंगला जाणार आहेत. फ्रेंचमध्ये नापास असलेल्याचं नाव जात नाही, आणि नावं सोमवारी जाणार. म्हणजे वर्ष गेलंच की हिचं.

दोन दिवस झाले, पोरगी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की खाली बघून जेवते. एकदाच म्हणली, "तुला कुणी सांगितलं होतं एवढी हुशारी करायला?" सत्तेचाळीस वर्षांत मला हुशार कुणी म्हणलं नव्हतं… म्हणलं ते असं.

चूक माझी, तोंड माझं सुटलं. पण चोरी न्हाय केली ओ मॅडम! पोरीला येत नव्हतं ते मी सांगितलं नाही. तिच्याकडनंच मला आलं, तिला येत नसतं तर मला कुठनं आलं असतं? एवढा साधा हिशोब शिकलेल्या माणसाला कळू नये?

मॅडम, हे मी तिच्या मैत्रिणींना धाडतेय, त्या तुम्हाला दाखवतील. तिला धाराशिवला कॉलेजात बोलवा, तुमच्या माणसासमोर बसवा आणि सहाच्या सहा ओळी एकटीला म्हणायला लावा. अडली तर खुशाल नापास करा, मी हूं का चूं करणार नाही. त्या दिवशी मी लोहाऱ्याच्या बाजारात जाऊन बसते, पाहिजे तर व्हिडिओ कॉल लावून बघा कुठं आहे ते.

ट्रेनिंगसाठी घेतलेले काळे बूट तिनं काल परत खोक्यात घालून माळ्यावर टाकले. ते खाली काढायला सांगू का नको, शनिवारी दुपारपर्यंत कळवा. आणि 'बघू' म्हणू नका… हो किंवा नाही.