छताला जाळी, जाळीमागे छतच

मंडळी, आज डोकं तापलंय आणि खोलीही.

उद्या पुण्याहून आई येतेय, तीही ऐन जुलैत. इथे आखातात, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलला प्लायवूडचं पार्टिशन घालून तिची खोली केली. एसी सेंट्रल, पण या कोपऱ्यात हवा येत नव्हती. आज सकाळी मेन्टेनन्सवाल्याने छताला सुबक पांढरी जाळी बसवली. मी खुशीत काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली.

दुपारी बायकोने तिथे उदबत्ती लावली. धूर जाळीपाशीही हलेना. स्टुलावर चढून जाळी काढली, तर मागे हवा आणणारा डक्टच नाही!

फोन केला. "साब, आपने जाली बोला था. डक्ट कब बोला?"

"अब तो बोला! आज आओ!"

"सॅटरडे, इन्शाल्ला."

अस्तित्वातच नसलेल्या वस्तूला संस्कृतात आकाशपुष्प म्हणतात. या गृहस्थाने ते स्क्रूने बसवून दिलं.

बायकोने निकाल दिला, "अहो, आई आपल्या दोघांच्या खोलीत झोपतील. सही करणाऱ्याने जाळीखाली झोपावं."

शिक्षा मान्य. पण मला सांगा, जाळी मागताना हवाही वेगळी मागायची असते, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?